दिल्ली-बडोदे, दीड तास

माझा दादा दिल्लीला असतो. गेली कित्येक वर्षं तो एकच वाक्य बोलत आलाय : "काही झालं तर मी आलोच. दीड तासाची तर फ्लाईट आहे." बाबा आणि मी बडोद्यात, वासणा भागातल्या घरी. पाहुण्यांसमोर तो हे म्हणाला की पाहुणे कौतुकाने माना डोलवायचे आणि माझं डोकं फिरायचं.

एका सकाळी बाबा बाथरूममध्ये घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "बेन, मोडुं ना करो, उशीर नको. आज दुपारीच ऑपरेशन करू." मी दादाला फोन लावला. नऊ वाजले होते.

"मी येईपर्यंत संमतीच्या फॉर्मवर सही करू नकोस," तो म्हणाला. "डॉक्टरांशी मला बोलायचंय."

"मग फोनवर बोल."

"फोनवर नको. मी निघतोच."

पाच मिनिटांत त्याने मोबाइलवर दोन्ही विमानतळांमधलं अंतर पाठवलं. आठशे किलोमीटर, एक तास पस्तीस मिनिटं. जणू मी भूगोलात नापास झाले होते.

मी थांबले. इंजेक्शन देऊनही बाबांचं दुखणं थांबेना. टॉवेलचं टोक दातांत धरून ते पडून होते. नर्स फॉर्म घेऊन यायची, मी "भाऊ येतोय" म्हणून परत पाठवायचे. दादाचा फोन बंद लागत होता. विमानात असेल, असं मी धरून चालले. अडीच वाजता बाबा रडायला लागले. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी नर्सच्या हातातून फॉर्म ओढून घेतला आणि सही केली.

साडेपाचला दादा बॅग ओढत आला. बाबा अजून आतच होते.

"माझी वाट नाही बघितलीस?"

"साडेपाच तास बघितली. दीड तासाची ना तुझी फ्लाईट?"

"अगं, एअरपोर्टला आधी पोचावं लागतं. आणि अकराची मीटिंग उरकल्याशिवाय कसा निघणार होतो मी?"

बोलून गेला आणि बॅगेची चेन चाचपू लागला.

"चालता हो इथून," मी ओरडले. आजूबाजूची माणसं गुजराती होती, पण बडोद्यात एवढं मराठी सगळ्यांना कळतं. दादा गेला नाही. समोरच्या बाकावर मोबाइलमध्ये डोकं घालून बसला.

ऑपरेशन नीट झालं. बाबा आता वॉकर घेऊन फाटकापर्यंत जातात. मी घाई केली, असं दादा नातेवाइकांत सांगत फिरतो. मी त्याच्याशी बोलणं टाकलंय.

बाबांनी हा विषय एकदाच काढला. "सही तुझीही चालणार होती," ते म्हणाले. "मग त्याची वाट कशाला बघितलीस?"

तो मुलगा आणि मी मुलगी, एवढंच उत्तर होतं. आणि ते मला याच घराने शिकवलं होतं.