जावई घरी असतात

माझा जावई गुरुनाथ काय करतो, हे चार वर्षं मी नागपुरात कोणाला धड सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच तर "आयर्लंडला सॉफ्टवेअरमध्ये आहेत" म्हणून विषय बदलायचो. तसा तो होताही. आधी पुण्यात, मग वर्षभर आयर्लंडात. पण २०२१ मध्ये नात झाली, रेवा. माझी मुलगी ज्ञानदा वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात डॉक्टर, तिच्या ड्युट्या चोवीस-चोवीस तासांच्या. तेव्हा गुरुनाथने नोकरी सोडली आणि घर हातात घेतलं. मला ते फार लागलं. बत्तीस वर्षं प्राप्तिकर खात्यात काढली मी. धडधाकट पुरुषाच्या उत्पन्नाच्या रकान्यात शून्य बघवत नव्हतं.

यंदा नोव्हेंबरात मी वॉटरफोर्डला आलो तो तोंड वाकडं करूनच. म्हटलं, बघू तरी दिवसभर करतो काय हा माणूस.

बघितलं. सकाळी सहाला कणीक भिजवलेली. ज्ञानदाच्या डब्यात पोळी-भाजी, शिवाय इथला तो पिठूळ पाव, 'ब्ला' म्हणतात त्याला, मध्ये चिरून त्यात घातलेला बटाटेवडा. तिच्या वॉर्डातल्या नर्सेस म्हणे त्याची वाट बघतात. मग रेवाला शाळेत सोडणं. शेजारच्या एकट्या म्हातारीचे कचऱ्याचे डबे रस्त्यावर नेऊन ठेवणं. ज्ञानदा ड्युटीवरून आली की हा तिला काही विचारत नाही. गरम वरणभात वाढतो, आणि तिला झोप मिळावी म्हणून रेवाला रेनकोट चढवून दोन तास नदीकाठी फिरवून आणतो. रेवा परत आली की नाक लाल, पाय चिखलात. "थंडी वाजतेय का गं?" विचारलं तर म्हणते, "आय्'म ग्रँड, आजोबा." म्हणजे इथल्या बोलीत, मी मजेत.

ज्ञानदाच्या स्पेशालिस्टच्या परीक्षेची तयारी तर यानेच करून घेतली म्हणायला हरकत नाही. पोळ्या लाटता लाटता हा प्रश्न विचारायचा, ती उत्तरं द्यायची. औषधांची नावं त्याला अजून पाठ आहेत. मुलीचा अभ्यास घ्यायला मी कधी असा तिच्याजवळ बसलो नव्हतो, हे आठवून मला बरं वाटलं नाही.

एके दिवशी टेबलावर ज्ञानदाची पगाराची स्लिप पडली होती. खात्याची सवय, उचलली. टॅक्स बघून डोळेच विस्फारले.

"अगं, हा तर बिनलग्नाच्या माणसासारखा टॅक्स लावलाय! लग्न झालंय ना तुझं?"

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं."

मग सगळं आठवलं. चार वर्षांपूर्वी तिने फोन केला होता. इथे नवरा-बायकोची आकारणी एकत्र करता येते, एकच कमावत असेल तर टॅक्स बराच कमी होतो, आणि दुसरा घरी मूल सांभाळत असेल तर वरून आणखी सवलत. पण घरी कोण असतं ते लिहून द्यावं लागतं, काय करू? मी साहेबी थाटात म्हणालो होतो, "नवरा-बायकोचं रिटर्न वेगळंच असतं. आणि जावई घरी बसलेत हे कुठल्या सरकारी कागदावर यायला नको." आपल्याकडचा नियम मी दुसऱ्या देशावर चालवला होता. तोही मुलीला पुढे बोलू न देता.

"गुरुनाथरावांना ठाऊक होतं?"

"होतं ना. तो म्हणाला, बाबांना वाईट वाटणार असेल तर राहू दे."

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. लाज वाटली, सरळच सांगतो.

जादा कापलेला टॅक्स मागच्या चारच वर्षांचा परत मागता येतो. म्हणजे २०२१ चा एकतीस डिसेंबरला बुडणार. दुसऱ्या दिवशी मी जावयाला लॅपटॉप घेऊन बसवलं आणि स्वतः चष्मा लावून एकेक नियम वाचला. एकत्र आकारणी. कर ज्ञानदाच्या नावे. मग तो रकाना आला, घरी सांभाळ कोण करतं.

"लिहायला तुमची हरकत नाही ना?" मी विचारलं.

"माझी कधीच नव्हती, बाबा," तो म्हणाला आणि आपलं नाव टाइप केलं. आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

पैसे परत येतील. पण माझा घोळ नागपुरातही होता. बुधवारी प्रल्हादचा व्हिडिओ कॉल आला. माझ्याच खात्यातला, सकाळच्या फिरण्यातला दोस्त. त्याला सांगितलं की दुपारपर्यंत सगळ्या कॉलनीला कळतं. माझ्या मागे ओट्याशी गुरुनाथ कणीक मळत होता.

"जावई दिसतायत! आज सुट्टी वाटतं?"

मागे कणकेचा आवाज थांबला. रेवासुद्धा माझ्याकडे बघत होती.

"सुट्टी नाही रे," मी म्हणालो. "ते घरीच असतात. ज्ञानदा कमावते, घर ते चालवतात. चार वर्षं झाली."

प्रल्हाद कॅमेऱ्याजवळ सरकला. "कधी बोलला नाहीस ते?"

"चुकलं माझं," मी म्हणालो, आणि गुरुनाथ नीट दिसावा म्हणून मोबाइल ओट्याकडे वळवून धरला.