तार काढलेलं टर्मिनल

आधीच सांगून टाकतो, असलं काही मानणाऱ्यांतला मी नाही. गोंदियाजवळच्या आमच्या मुर्रीत लहानपणी चकव्याच्या गोष्टी पोटभर ऐकल्या, पण शेतातून एकटा घरी येताना मला भीती वाटायची ती सापाची. पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात पडलो आणि उरलीसुरली श्रद्धाही गेली... मशीन बंद पडलं की त्याला कारण असतं, आणि बहुतेक वेळा ते कारण दोन पायांवर चालत असतं.

२००३ च्या आसपासची गोष्ट. आमगावला एक खासगी दवाखाना होता, नाव देत नाही. आमच्या भागात सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे, पेशंट पुष्कळ. तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्या सगळ्या नोंदी कागदावरून काढून युनिक्सच्या सर्व्हरवर चढवल्या होत्या. एक सर्व्हर आणि त्याला तारांनी जोडलेली टर्मिनलं. टर्मिनल म्हणजे नुसता स्क्रीन आणि कीबोर्ड, स्वतःची अक्कल शून्य. सर्व्हर जे पाठवेल तेच दाखवायचं. देखभाल माझ्याकडे होती.

असा सर्व्हर पंख्यासारखा बटण दाबून बंद करायचा नसतो, आधी त्याला तशी आज्ञा द्यावी लागते. ती यायची फक्त तिथल्या ऑपरेटर वैशालीताईंना. आणि वैशालीताई दरवर्षीप्रमाणे दसऱ्याला नागपूरला गेलेल्या, दीक्षाभूमीवर. इकडे बाकीच्यांनी पूजा मांडली. आमच्याकडे दसऱ्याला मशीनला विश्रांती देतात. राइस मिलवाले देतात, ट्रॅक्टरवाले देतात. मग सर्व्हरनेच काय घोडं मारलंय? कंपाउंडरने भक्तिभावाने मेन स्विचच पाडला. हळद, कुंकू, झेंडू, नारळ — सगळं साग्रसंगीत. दुसऱ्या दिवशी पहाटे सर्व्हर उठेना.

फोन आला आणि मी सकाळच्या पॅसेंजरने पोचलो. मशीन दुरुस्तीच्या मोडमध्ये येऊन थांबलेलं. या अवस्थेत फक्त सर्व्हरचा स्वतःचा स्क्रीन जिवंत असतो, बाकीची टर्मिनलं मेलेली. तरीही खात्रीसाठी मी सर्व्हरच्या पाठीमागून टर्मिनलच्या सगळ्या तारा उपसून काढल्या आणि पायाशी टाकल्या. मग डिस्क तपासणारा प्रोग्राम लावला. तो प्रत्येक जखमेपाशी थांबून विचारतो, हे दुरुस्त करू का? हो म्हणा, पुढची जखम. हो म्हणा, त्याच्या पुढची. माणूस कंटाळून मरेल, पण याचे प्रश्न संपत नाहीत.

तेवढ्यात डॉक्टर स्वतः आले. पल्लवी नावाची एक मुलगी भरती होती, तिचं रक्त फार खाली गेलेलं. मागे एकदा ग्रुप जुळवून रक्त दिलं तरी तिला जबर रिअॅक्शन आली होती. मग नागपूरला तपासण्या करून तिला चालेल असा एक रक्तदाता सापडला. त्याचं नाव-गाव सर्व्हरमध्ये. डॉक्टरांना आठवेना, वैशालीताई अजून नागपूरच्या गर्दीत, मुलीच्या आईने त्याला कधी पाहिलंच नव्हतं, आणि नागपूरची लॅब दसऱ्याला जोडून आलेल्या सुट्टीमुळे फोन उचलेना. “संध्याकाळपर्यंत नाव मिळालं नाही तर मला अंदाजाने रक्त द्यावं लागेल,” ते म्हणाले. अंदाजाने म्हणजे काय, ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

बॅकअपची टेप होती. ड्राइव्हने ती ओढली आणि आतच गुंतवून ठेवली. मी परत त्या प्रश्नांना हो, हो म्हणत बसलो.

मग कुंदा सिस्टर आली. त्याच महिन्यात लागलेली, अजून थर्मामीटर कुठे ठेवतात तेही शोधावं लागायचं तिला.

“नाव भेटला जी. झनकलाल उईके, दरेकसा. डॉक्टर सायबाले सांगून आली मी, जीप पाठवून राहिले ते.”

मी विचारलं, कुठे मिळालं?

“आतल्या खोलीतल्या टीव्हीवर दिसून राहिला होता. तुमीच चालू केला ना?”

मी काही चालू केलं नव्हतं. ज्या डिस्कवर त्या नोंदी होत्या ती सर्व्हरने अजून उघडलेलीच नव्हती. मी पायाशी पाहिलं, तारांचा गुंता तसाच पडलेला. आतल्या खोलीत गेलो. टर्मिनलचा स्विच बंद, वर कालचा झेंडू. काचेला हात लावला तर गार. चालू असलेली काच इतक्यात गार होत नाही... आणि जुनं चित्र उरलं असेल म्हणावं, तर वीज गेली की टर्मिनल सगळं विसरतं.

दुपारनंतर झनकलाल आला. हो, मागे इथल्याच एका पोरीसाठी रक्त दिलं होतं म्हणाला. पल्लवी वाचली.

संध्याकाळी सर्व्हर उठला. औषधांचा साठा आला, बिलं आली. पेशंटच्या नोंदींचे मात्र बिननावाचे तुकडे झालेले, बहुतेक वाचता न येणारे. पल्लवीचं नाव एकाही तुकड्यात नव्हतं. वैशालीताई परतल्यावर कुंदाने त्यांना स्क्रीनवर काय काय होतं ते सांगितलं. स्क्रीनची मांडणी त्यांना पाठ होती; सगळं बरोबर निघालं. फक्त रक्तदात्याचं नाव दुसऱ्या पानावर यायचं, त्यासाठी कीबोर्डवरचं बटण दाबावं लागायचं. कुंदाने कीबोर्डला हातही लावला नव्हता.

पुष्कळ डोकं फोडलं यावर. काही हाती लागलं नाही.

पण मला झोपेत आठवतं ते वेगळंच. बातमी गावोगाव गेली. दिवाळीनंतर मी तिथे असताना एक बाई आजारी मुलाला कडेवर घेऊन आली. त्याचीही नोंद गेलेली. ती त्या टर्मिनलसमोर स्टुलावर बसली. मी समजावलं, बाई, यात आता काही नाही.

“त्या पोरीचा दाखवला ना यानं,” ती म्हणाली. “मंग माह्या पोराचा काऊन नाई दाखवत?”

मला खरंच राग आला, कोणाचा ते मलाही सांगता येणार नाही. दाखवायचंच होतं तर सगळ्यांचं दाखवायचं! पण तिला उठ म्हणवेना. मी टर्मिनल चालू करून दिलं आणि दुसरं स्टूल ओढून तिच्या शेजारी बसलो. शेवटची गाडी निघून गेली तरी आम्ही दोघं तिथेच होतो. स्क्रीनवर काही आलं नाही.