फिर्यादीनेच सोडलेला आरोपी

पोलीस खात्यातल्या नोकरीत तपासलेले बहुतेक गुन्हे मी विसरलो, आणि विसरलो ते बरंच झालं. विश्रांतवाडीच्या एका सोसायटीतला हा एक मात्र डोक्यातून जात नाही. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते आणि अंगात उत्साह म्हणावा असा काही राहिला नव्हता.

फिर्यादी मुलगी पंचविशीतली, खराडीला एका कंपनीत नोकरीला. दिवेलागणीनंतर घरी आली, पार्किंगमध्ये स्कूटर लावत असताना हेल्मेट घातलेल्या माणसाने मागून धरलं. झटापट झाली, ती खांबावर आपटली, कपाळाला टाके पडले. माणूस पळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील तिला ठाण्यात घेऊन आले. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. "साहेब, उद्यापासून हिला कामावर जायची भीती वाटता कामा नये. तेवढं बघा," म्हणाले.

मुलीने जबाबात सांगितलं की तिने त्याचा हात पिरगाळून धरला होता, पण तो हिसडा देऊन सुटला.

आम्ही नेहमीचं सगळं केलं. पंचनामा झाला, हद्दीतले जुने गुन्हेगार तपासले, गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. गेटमधून पळत जाणारा कोणीच दिसेना. तेवढ्यात ठाण्यात एका बाईंचा फोन आला. मुलीच्या घराच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका.

"आपण बाहेर शोधताय, शोधा. आमच्या डोक्यावर रोज माणसं आपटतात, त्याची चौकशी कधी करणार आहात?"

घरातच मारहाण चालत असेल, असं वाटून गेलो. हॉलमध्ये जमिनीवर गादी, टीपॉय भिंतीला लावलेला, आणि टीव्हीवर कुठल्याशा बाईंचा स्वसंरक्षणाचा व्हिडिओ. मुलगी घरच्या घरी शिकत होती. तिचा मोठा भाऊ हसत म्हणाला, "सर, आमच्या प्रॅक्टिसमध्ये चोर मीच असतो. दुसरं कोण मार खाणार?" आईने चहा ठेवला. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, कपाटात भावंडांच्या परीक्षांच्या ट्रॉफी. चांगलं घर होतं. अशा घरात काही सापडलं तर ते कुणालाच नको असतं, हे मला अनुभवाने माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मुलीला ठाण्यात बोलावलं. आमच्या एका दणकट महिला हवालदारांना सांगितलं, हिला मागून धरा. त्यांनी धरलं. बघता बघता त्यांचाच हात पाठीमागे पिरगाळला गेला.

"आता हिसडा द्या," मी म्हटलं.

त्यांनी देऊन पाहिला. "साहेब, खांदा निखळेल माझा. सोड गं बाई."

"मग तो कसा सुटला?" मी मुलीला विचारलं.

तिने हवालदारांचा हात सोडला. मग म्हणाली, "तो सुटला नाही, सर. मीच सोडलं त्याला. त्याने माझ्या मांडीवर दोनदा थोपटलं आणि माझे हात आपोआप निघाले."

या शिक्षणाची एक रीत असते. सरावात दुखायला लागलं की दोनदा थोपटायचं, समोरच्याने तत्काळ सोडायचं. व्हिडिओतल्या बाई पहिल्याच धड्यात सांगतात, आणि घरी रोज तसंच चालायचं. रस्त्यावरचा गुंड हात पिरगळल्यावर आईबहिणीवरून शिव्या देतो, चावतो, लाथा झाडतो. थोपटत नाही.

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"थोपटल्यावर कळलं. पण पप्पांना कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

भावाला बोलावलं. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट. बाही वर करायला लावली, तर कोपर सुजलेलं. मी आवाजही चढवला नाही. पाणी दिलं, गप्प बसून राहिलो. आमच्या धंद्यात गप्प बसण्यानेच जास्त कामं होतात.

"माझ्या लग्नाच्या बोलणीत मुलीकडचे विचारतात, तुमची बहीण रात्री किती वाजता घरी येते," तो शेवटी म्हणाला. "किती सांगितलं, नोकरी सोड. तर म्हणे, शिकते ना मी स्वतःला सांभाळायला. एकदा घाबरली असती तर घरी बसली असती, सर. लागावं असं मनात नव्हतं."

आई ठाण्यात येऊन मुलीच्या पाया पडायला निघाली. तक्रार मागे घे म्हणाली. वडिलांनी तिला बाजूला घेतलं. "फिर्याद द्यायला मी आणलं हिला. आरोपी कोण निघतो ते बघून आणलं नव्हतं," एवढंच बोलले, आणि बाहेरच्या बाकावर जाऊन रडले. मुलीने फिर्याद कायम ठेवली.

तपास पूर्ण झाला, वरिष्ठांनी पाठ थोपटली. मला त्याचं काही वाटलं नाही. अनोळखी माणसाच्या तावडीतून हात कसा सोडवायचा, हे व्हिडिओ शिकवतो, आणि शिकावंच. पण माझ्या नोकरीत बायकांच्या अंगावर हात टाकणारे बहुतेक त्यांना नावाने हाक मारणारे निघाले. ते मान्य करायला घरं तयार नसतात, आणि पोलीस तरी कुठे सुरुवात घरापासून करतात?

मुलीने नोकरी सोडली नाही. आरोपपत्र दाखल केलं, त्या आठवड्यात मी भावाच्या नावाचं कोर्टाचं समन्स घेऊन त्या घरी गेलो. भाऊ जामिनावर सुटून आला होता, जेवत बसला होता. आई त्याला वाढत होती.

"मुलगी कुठे आहे?" मी विचारलं.

"खराडीला, हॉस्टेलवर," आई म्हणाली. "आरोपीबरोबर एका घरात कशी राहील ती?"