गुळाच्या खटल्याचा निकाल

गुऱ्हाळावरनं उकळत्या रसाचा वास आला की सातवीचा वर्ग आठवतो. कोर्ट कसं चालतं हे कळावं म्हणून गुरुजींनी वर्गात गुळाच्या ढेपेच्या चोरीचा खोटा खटला मांडला. मी जज्ज, आणि आरोपी नेमका तो, ज्यानं आदल्या दिवशी मला तालमीत चीत केलतं. साक्षीदारानं काहीच बघितलं नव्हतं, तरी मी आरोपीला दोषी ठरवला. "पुरावा कुठाय रं?" गुरुजींनी विचारलं. "त्वांडावरच दिसतोय की!" पोरं खदखदली, आणि दुसऱ्या दिवसापासनं त्याला गुळचोर म्हणायला लागली. मी कुस्तीचा राग काढला, एवढं बोललो असतो तर भागलं असतं. पण दिलेला निकाल फिरवीन तर मी कसला! दिवाळीनंतर त्यानं शाळाच सोडली. आता बाजारात भेटला की हसून विचारतो, "काय जज्जसाहेब, बरं हाय न्हवं?" मी नुसतं "व्हय" म्हणतो. कबुली अजून दिलेली नाही.