अक्कांचा डी ड्राइव्ह

माझं तोंड कधी बंद नसतं, हे जुन्या हुबळीतली आमची अख्खी गल्ली सांगेल — पण ही एक गोष्ट या तोंडातून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्यापाशी नाही, पोरीपाशी नाही. तुम्हाला सांगते. आणि आधीच बजावते — ऐकून झाल्यावर ‘जाऊ द्या हो, वय झालं तुमचं’ असलं काही म्हणायचं नाही. वयाचा इथं काही संबंध नाही.

कमलअक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. विद्यानगरात मुलगा-सुनेजवळ राहतात. घरात सगळे त्यांना आता जपतात — म्हणजे काय करतात? गॅसजवळ जाऊ देत नाहीत. पूर्वी एकट्या दुर्गदबैलच्या बाजारात जायच्या, कापडवाल्याशी कानडीत भांडून भाव पाडायच्या, तेही बंद. का? तर अक्का विसरतात. हे ‘विसरतात’ कुठून सुरू झालं, ते फक्त मला ठाऊक आहे.

अक्कांचे यजमान, आमचे भावजी, गेले आणि त्यांचा कॉम्प्युटर मागे राहिला. तो त्यांनीसुद्धा एका बंद झालेल्या टायपिंग क्लासातून जुनाच घेतलेला. कण्हत कण्हत सुरू व्हायचा, मध्येच पडदा निळा. आता मी सातवी शिकलेली बाई, पण व्हिडिओ बघून बघून पेनड्राइव्हवरून नवी सिस्टीम टाकायला शिकले होते. विंडोज काढून लिनक्स टाकलं की म्हातारं मशीनही पळतं — माझ्या घरचं मी तसंच पळवलं होतं. त्याचा मला गर्व होता. आजही आहे. का सोडू?

“काकू, तुम्ही कशाला त्यात पडता? दुकानात देऊ की,” सुधीर म्हणाला. अक्कांचा मुलगा. म्हणाला आणि हसला.

“करते रे ती,” अक्का म्हणाल्या. “फक्त माझा डी तेवढा सांभाळ गं.”

आमच्याकडे मशीन दुरुस्त करणारा प्रत्येक जण हेच सांगत आला — जपायचं ते डी ड्राइव्हमध्ये ठेवा, सिस्टीम बदलली तर सी पुसला जातो, डीला धक्का लागत नाही. देवावर नसेल एवढा आमचा डीवर भरवसा. आणि अक्कांच्या डीमध्ये होता भावजींचा आवाज. रोज सकाळी ते पेपर मोठ्यानं वाचायचे, अक्का आतून ऐकायच्या. भावजींच्या आजारपणात ते वाचन अक्कांनी माइक लावून भरून ठेवलं — मराठी बातमी, मध्येच कानडीत टोमणा, “कमळे, चहा मेला का तुझा?”, आणि मागं फोडणीचा चर्र आवाज.

मशीन मी माझ्या घरी आणलं. लिनक्सच्या पडद्यावर सी नसतो, डी नसतो. नुसती अक्षरं आणि आकडे. खाली एक ओळ — डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. इंग्रजीत होती, पण तेवढं मला येतं. थांबले. सुधीरला फोन करावा? — आणि परत ते हसणं ऐकावं? म्हटलं, सगळं म्हणजे सी. डीला काय होतंय! दाबलं बटण.

मशीन असं सुरेख चालू झालं, काय सांगू. डी कुठेच नव्हता.

इथवर चूक म्हणा हवं तर. शिकणाऱ्याच्या हातून चुका होतात, त्याची कबुली द्यायला मी बसलेली नाही. पुढचं ऐका.

संध्याकाळी अक्का आल्या. पदर नीट करून खुर्चीवर बसल्या — जसे काही भावजीच समोर येणार. “लाव गं.” आणि मी, एवढी बडबडी मी, शांतपणे म्हणाले, “अक्का, डी रिकामाच होता. तुम्ही साठवलंच नसेल.”

“हौदा?” कानडीतच विचारलं त्यांनी. खरंच का? “पण ते गेल्यावर मी ऐकलं होतं गं…”

“स्वप्नात ऐकलं असेल.”

कुणी म्हणायला लावलं होतं मला? कुणी नाही.

मशीन माझ्याकडेच ठेवून गेल्या. मला आता कशाला, म्हणाल्या. पुढे एका व्हिडिओत कळलं — लगेच मशीन बंद ठेवलं तर पुसलेलं कधीकधी परत काढता येतं. म्हणजे दुकानात जायचं, सुधीरला सांगायचं. तो व्हिडिओ मी अर्ध्यात बंद केला. मशीन वापरत राहिले. हे लिहितेय तेही त्याच्यावरच.

“आई विसरते,” सुधीर तेव्हापासून म्हणायला लागला. मग सून म्हणायला लागली. मग अक्का स्वतःच. परवा माझ्याकडे जेवायला आल्या, हौसेनं आमटीला फोडणी दिली, आणि डाव हातात धरून मला विचारतात — “मी मीठ घातलं का गं?” घातलं होतं त्यांनी. माझ्यादेखत.

छापून आल्यावर लोक म्हणतील, म्हातारीनं कशाला नसता उद्योग केला. म्हणोत. मशीनला हात लावल्याची मला काडीची लाज नाही, उद्याही लावीन. भीती मशीनची नव्हतीच. एका पुतण्याच्या हसण्याला भ्याले, आणि एका बाईचं डोकं तिच्याच नजरेत खोटं पाडलं.

अक्का, भावजींचा आवाज होता. तुम्हीच तो साठवला होता. ते गेल्यावर ऐकलाही होता. तुम्हाला सगळं बरोबर आठवत होतं.