नातीनं कुंडीत ठेवलेला घास

राजेहो, आज दुपारी जानेफळच्या वावरात शिदोरी सोडली, रितीप्रमाणं पयला घास काळ्या आईले ठेवला, अन् बंगलोरहून नातीचा व्हिडिओ कॉल आला. सात वर्षांची रेवा बी जेवायलेच बसली होती.

तिनं पोळीचा तुकडा मोडून गॅलरीतल्या कुंडीत ठेवला. मी डाफरलो, "काऊन वं, अन्न काऊन टाकून राह्यली?"

"टाकलं नाही आबा! हा गहू तुमच्यासारख्याच कुठल्यातरी आबांनी पिकवला असेल ना? त्यांचा घास आहे हा."

दिवाळीत वावरात आली तवा मी घास ठेवतानी पोरगी नुसती पाहत होती.

तुमच्या नातवायनं तुमचं काय उचललं, सांगा बरं. मी तं छाती फुगवून सांगतो: पन्नास वर्षं मी मातीले घास ठेवत आलो, माह्या नातीनं तो पिकवणाऱ्याले ठेवला.