हुं आजी

विमान डोक्यावरून गेलं तरी हुं आजी कधी वर बघत नव्हती. आमची वस्ती चिकलठाण्याला, विमानतळाच्या मागच्या अंगाला. विमान उतरायला लागलं की घरावरचे पत्रे थरथरतात, कोंबड्या डालग्यात घुसतात आणि नवा पाहुणा असला तर त्याच्या हातातली बशी सांडते. ही मात्र लिंबाखाली गोणपाट टाकून समोरच्या पोराच्या तोंडाकडं बघत बसलेली असायची. पोरगं पुस्तक वाचायचं आणि ही म्हणायची, "हुं."

हुं आजी म्हणजे माझी बायको, सोजरबाई. हे नाव तिला पोरांनी ठेवलं. उन्हाळ्याच्या तोंडाला ती गेली. शाळेच्या अंकात तिच्याबद्दल चार ओळी लिहून द्या, असं शाळेतल्या मॅडम म्हणाल्या. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. अर्धा जन्म मेंढरांमागं गेला आणि अर्धा कंपनीत पोती उचलण्यात. चार ओळी कुठून आणू म्हणत बसलो, आणि आता थांबता येत नाही.

मेलेल्या माणसाचं चांगलंच सांगावं म्हणतात. मी खरं सांगतो. ती हट्टी होती. भांडण झालं की तिचा शेवटचा शब्द झाल्याशिवाय चूल पेटायची नाही. शेळीला ताप आला तर रात्रभर जागायची, मला ताप आला तर म्हणायची, "पडा की गप, मरत नाय माणूस तापानं." आणि स्वतः तापानंच गेली.

शाळा वस्तीच्या तोंडाशी आहे, दोन खोल्यांची, चौथीपर्यंत. मॅडम नव्या आल्या तेव्हा त्यांनी पालकांची सभा घेतली. म्हणाल्या, पोरांनी रोज घरी कुणासमोर तरी बसून मोठ्यानं वाचायचं. ऐकणाऱ्याला वाचता येत नसलं तरी चालेल, पण समोर बसणारं माणूस पाहिजे. सभेत सगळे खाली बघायला लागले. वस्तीतले बाप कंपनीत शिफ्टला, आया बांधकामावर नाहीतर नव्या सोसायट्यांत भांड्याला. माझा मुलगा आणि सून दोघंही शिफ्टलाच. बसणार कोण? ही शेळ्या धरून दाराबाहेर उभी होती, कारण शेळ्यांसकट तिला आत कुणी घेतलं नव्हतं. तिथूनच ओरडली, "माझ्याकडं पाठवा समद्यांना. शेळ्या राखायला डोळे लागत्यात, कान रिकामेच असत्यात."

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, उद्यापासून पाठवू का?"

लहानपणी हिला शाळेच्या कुडापर्यंतही कुणी नेलं नव्हतं. म्हातारपणी शाळेनं तिला काम सांगितलं. त्या दिवशी घरी येऊन तिनं लिंबाखालची जागा झाडली, सडा मारला. मला म्हणाली, "तुम्ही हितं बिडी प्यायला बसायचं नाय आता. शाळा हाय ही."

आमच्या मेंढपाळांत एक रीत होती. तळावर कुणी गोष्ट सांगायला लागलं की ऐकणाऱ्यांतल्या एकानं हुं म्हणत राहायचं. हुं थांबला की सांगणारा थांबायचा, कारण ऐकणारा झोपला असं धरायचे. हिनं तीच रीत पोरांना लावली. ओळ संपली की "हुं". पोरं हुं आल्याशिवाय पुढची ओळ वाचत नसत. तिचा हुं जरा उशिरा यायचा, अर्धा श्वास मागं. पोरांना वाटायचं आजी विचार करते.

विचारही करायची म्हणा. एकदा आमची नात ऋतुजा वाचत होती, राजाला सात राण्या होत्या.

"हुं. सात? आन् पाणी कोण भरायचं?"

"आजी, दासी असतात राजाकडं."

"मंग दासीची गोष्ट नाय का पुस्तकात?"

"नाय."

"मॅडमला विचार उद्या."

पोरीनं खरंच विचारलं. सिंहानं शेळीला दया येऊन सोडून दिलं हा धडा आला की ती दरवर्षी एकच बोलायची, "खोटं हाय. पुढं वाच, पर खोटं हाय." आणि गोष्ट अर्धी ठेवून कुणाला उठू द्यायची नाही. "अर्धी गोष्ट पोटात घेऊन जेवलं की पोट दुखतं," असं तिनं पोरांना सांगून ठेवलं होतं. वस्तीतली पोरं आजही अर्धी गोष्ट ठेवून जेवत नाहीत. काहींची लग्नं होतील तरी जेवणार नाहीत.

विमानाचं मला एका दुपारी कळलं. विमान इतकं खाली आलं की शेळ्या दावं तोडून पळाल्या. मी ओरडलो, पोरं ओरडली. ही पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती, मान हलली नाही. मी पुढं जाऊन उभा राहिलो तेव्हा दचकली.

"कवापासून?" मी विचारलं.

तिनं माझ्या तोंडाकडं बघून घेतलं. मग म्हणाली, "लई दिस झालं. आधी बारीक आवाज गेलं, मंग मोठं."

"मॅडमला सांगून टाक."

"येडे का काय तुम्ही? बहिरीपुढं कोण वाचंल? पोरं यायची बंद होतील." आणि माझा हात धरला. भांडणाशिवाय तिनं माझा हात कधी धरला नव्हता. "कुणाला बोलायचं नाय. शपथ हाय."

मी बोललो नाही. पुढं कशी चालवली ते मी बघत होतो. दरवर्षी तेच धडे, ते तिला पाठ. पानावरचं चित्र बघून गोष्ट कुठं आली ते ओळखायची. ओठ मिटले की ओळ संपली, मग हुं. आणि पोरांना दटावायची, "मोठ्यानं! शेळीला बी कळलं पाहिजे." विमान आलं की पोरं वाचायची थांबत. हिला विमान कळायचं नाही, फक्त ओठ थांबलेले दिसायचे. लगेच ओरडायची, "कामून थांबलास रं? पुढं!" मग पोरं विमानाच्या वर आवाज काढायला शिकली. एकदा शाळेला मोठे साहेब भेट द्यायला आले. दुसरीतली पोरगी धडा वाचत होती, वरून विमान गेलं, साहेबांनी कानावर हात ठेवले आणि पोरगी वाचतच राहिली. साहेबांना शब्द न् शब्द ऐकू आला. मॅडमना विचारलं, "ही कुठली पद्धत?" मॅडम म्हणाल्या, "वस्तीतली आहे, सर."

एका शिबिरात तिला कानाचं मशीन मिळालं. लावून बसली तर चेहरा आंबट. "ह्यात समदंच वाजतंय. भांडी, कोंबड्या, तुमचं खोकणं. पोराचा आवाज कुठं हाय ह्यात?" पोरांना दिसेल ही भीती वेगळीच. मशीन डाळीच्या डब्यात गेलं. अजून तिथंच आहे.

हे लपणार किती दिवस? शेजारच्या घरातला ओम्या चौथीत होता, हुशार आणि तेवढाच आगाऊ. त्याला संशय आला. एका संध्याकाळी तो तिच्यासमोर बसला, पुस्तक उघडलं आणि नुसते ओठ हलवायला लागला. आवाजच काढला नाही. ओळ संपल्यासारखे ओठ मिटले.

ही म्हणाली, "हुं."

मागं बसलेल्या पोरांनी तोंडं दाबली. ओम्यानं पुन्हा ओठ हलवले.

"हुं. बरं वाचतोस आज. पुढं."

ऋतुजा उठून किंचाळली, "आजी, तो वाचत नाय! तो नुसतं तोंड हलवतोय!" पोरं हसून लोळायला लागली. हिनं आधी ऋतुजाच्या तोंडाकडं पाहिलं, मग एकेकाच्या. तोंड वाचणारी बाई ती. हसणं वाचायला तिला किती वेळ लागणार? गोणपाट उचललं, झटकलं, घडी केली आणि शेळ्यांकडं गेली.

दुसऱ्या दिवशी पोरं आली तर ती घरात. म्हणाली, "दुसऱ्याकडं जावा. मला कामं हायती." दुसरं होतं कोण? पोरं थोडा वेळ लिंबाखाली उभी राहून निघून गेली. ओम्या सगळ्यात शेवटी गेला. ती दिवसभर तांदूळ निवडत होती, निवडलेलेच पुन्हा. मी म्हणालो, "पोरं हायत, इसरतील." ती माझ्याकडं बघतच नव्हती. बघितलं तर ऐकावं लागलं असतं.

त्याच संध्याकाळी मॅडम घरी आल्या. गुपचूप समजूत काढायला आल्या होत्या बिचाऱ्या, पण हिच्याशी गुपचूप बोलणार कसं? शेवटी ओरडायला लागल्या. अख्खी वस्ती दारात येऊन उभी.

"मावशी! मला कधीपासूनच माहीत आहे!"

"काय?"

"तुम्हाला ऐकू येत नाही ते!"

"मंग पाठवत कशाला व्हत्या?"

"तुमच्यासमोर पोरं बसतात, मावशी! त्यांच्या घरी कुणी बसत नाही!"

ही गोणपाटाची घडी हातात घेऊन उभी राहिली आणि दारातल्या पोरांकडं बघून म्हणाली, "कान गेलंत माझं. आता समद्यांना कळलंच हाय. वरडून वाचायचं. आन् ओम्या, तू पयला बस. कालचा समदा धडा आवाज काढून वाच, भाड्या."

त्या हिवाळ्यात आमच्या वस्तीनं शांतता पाहिली नाही. लपवायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळं पोरं बेंबीच्या देठापासून वाचत. सोसायटीतले लोक खिडक्या लावून घेत. सकाळी शाळेत परिपाठाला बातम्या वाचायचं काम ऋतुजाकडं होतं, आज शाळेत कोण आलं, कुणाच्या घरी काय झालं. त्या बातम्या आम्हाला अंथरुणात ऐकू येत. ही शेळ्या घेऊन शाळेच्या कुंपणाशी उभी राहायची आणि लांबूनच हुं म्हणायची. तिच्या जन्मातले चांगले दिवस कोणते, असं कुणी विचारलं तर लग्नाचं नाव मी घेणार नाही. हेच सांगेन.

मग ताप आला, तो उतरेना, आणि तिच्या छातीत पाणी झालं. सरकारी दवाखान्यात ठेवली. ऋतुजाला भेटायला नेलं तर ती पुस्तक घेऊन आली आणि कॉटजवळ उभी राहून सवयीनं मोठ्यानं वाचायला लागली. सिस्टर धावत आली, "ए बाळा, हळू. पेशंट आहेत इथं." पोरगी घाबरली. पुन्हा वाचायला लागली, पण आवाज न काढता, नुसते ओठ मोठे मोठे हलवत. ओळ संपली. हिनं बघितलं, जरा थांबली, आणि हिचेही ओठ हलले. आवाज आला नाही. पण पोरीला कळलं. तिनं पुढची ओळ वाचली. धडा शेवटपर्यंत असाच झाला. अर्धा ठेवला नाही.

ती गेली त्या सकाळी परिपाठात दुसऱ्या कुणीतरी बातमी वाचली, "आपल्या वस्तीतल्या हुं आजी वारल्या." दारात माणसं जमली होती, तरी मला इथपर्यंत ऐकू आली. मोठ्यानं वाचली पोरानं, नीट वाचली.

त्यानंतर लिंबाखाली कुणी बसलं नाही. काही पोरांना घरच्यांनी व्हॅनमध्ये घालून शहरातल्या शाळेत पाठवलं. उरलेली मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसतात. ओम्या पाचवीला मोठ्या शाळेत गेला. तिथल्या सरांनी त्याला वाचायला उभं केलं आणि पहिल्याच ओळीला म्हणाले, "अरे, आम्ही काय बहिरे आहोत का?" वर्ग हसला. हे त्यानं मला येऊन सांगितलं, आणि लिंबाकडं बघत उभा राहिला. जा म्हणालो तरी जाईना.

परवा शाळेत पालकांची सभा होती. आधी सभेला तीच जायची. यावेळी मी गेलो, सतरंजीवर बसलो. सभा सुटल्यावर मॅडमनी मला थांबवलं. म्हणाल्या, "आबा, ऋतुजा वाचतच नाही. बातम्या दिल्या तर मान खाली घालते. आवाजच निघत नाही तिचा. असंच राहिलं तर पोरगी मागं पडेल. घरी कुणीतरी बसा तिच्याजवळ."

घरी आलो. गोणपाट खुंटीवर होतं, ते काढून लिंबाखाली टाकलं आणि बसलो. पोरीला हाक मारली.

"पुस्तक आण. वाच."

"तुम्हाला येतं की ऐकू."

"येतं. तरी वाच."

ती बसली. वाचायला लागली, पण असं की तिचं तिलाच ऐकू जाईना. तेवढ्यात विमान आलं. पत्रे थरथरले, कोंबड्या पळाल्या. माझी मान आपोआप वर गेली. खाली बघतो तर पोरगी थांबली नव्हती. मानेच्या शिरा ताणून वाचत होती, विमानाच्या वर. विमान गेलं तरी आवाज खाली आला नाही. ओळ संपली आणि ती माझ्याकडं बघत थांबली.

मी घाईनं म्हणालो, "हुं."

तिनं मान हलवली. "असं नाय, आबा. लगेच नाय म्हणायचं. आजी जरा थांबून म्हणायची."

आजी का थांबायची, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. तिनं पुढची ओळ वाचली. मी तिचे ओठ मिटेपर्यंत थांबलो. मग आणखी जरा थांबलो. मग म्हणालो.